मानसशास्त्राच्या पदवीची आखणी आणि परिसराची भाषा

लालबाग-परळ भागातील एखादा विद्यार्थी बारावीनंतर मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवू इच्छितो, तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. या पदवीचा पुढे उपयोग काय, हा पहिला प्रश्न. घरची माणसेही तोच विचारतात. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विषय शिकावयाचा तो इंग्रजी ग्रंथांतून, आणि ज्या माणसांच्या मनाचा अभ्यास करावयाचा ती बोलतात मराठीत. तेव्हा या दोहोंमधील अंतर कोणी व केव्हा भरून काढावयाचे, हा तो प्रश्न होय. हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत, आणि पदवीच्या पहिल्याच सत्रात त्यांचा विचार केला नाही तर पुढे त्याची किंमत मोजावी लागते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पदवीने काय मिळते आणि काय मिळत नाही

केवळ बी.ए. ही पदवी मिळाल्याने कोणी मानसोपचार करण्यास अधिकारी होत नाही. ही गोष्ट साधी असली तरी अनेक विद्यार्थ्यांना ती तिसऱ्या वर्षी कळते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावी लागते. ही परिषद १९९२ च्या अधिनियमान्वये वैधानिक झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची व्याख्या दिली आहे आणि तीत पदव्युत्तर शिक्षण व त्यानंतरचे देखरेखीखालील प्रशिक्षण यांवर भर आहे. आरोग्यसेवेतील इतर व्यवसायांसाठी २०२१ मध्ये वेगळा अधिनियम झाला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचा समावेश आहे, आणि त्यात 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या संज्ञेस पात्र ठरणारी पदवी किमान ३,६०० तासांची व तीन ते सहा वर्षांत विभागलेली असावी असे म्हटले आहे.

हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून सर्वसाधारण पदवीकडे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची असते. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे एका सत्रातील १५ तास. सर्व श्रेयांक व्याख्यानांचे धरले तर सर्व विषय मिळून १,८०० तास होतात. मुख्य विषयाच्या वाट्याला १२० पैकी साधारणपणे ६० श्रेयांक येतात, म्हणजे मानसशास्त्राची व्याख्याने सुमारे ९०० तास. प्रात्यक्षिकाचा श्रेयांक ३० तासांचा असल्याने प्रत्यक्ष तास काही वाढतील. तरीही सामान्य पदवी आणि व्यवसायाची पात्रता यांतील अंतर या हिशेबावरून स्पष्ट होते.

नियमही स्थिर नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एम.फिल. ही पदवी बंद करण्याचे ठरविले, परंतु चिकित्सा-मानसशास्त्रापुरती तिला काही काळ सवलत द्यावी लागली. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास आयोगाने मनाई केली. दिवसा नोकरी करून शिकण्याची परंपरा असलेल्या गिरणगावासारख्या भागात या निर्णयाचा परिणाम मोठा आहे. नोकरी सांभाळून, घरी पुस्तके वाचून मानसशास्त्राची पदवी घेण्याचा मार्ग आता नव्या विद्यार्थ्याला मोकळा नाही. सकाळच्या सत्राचे महाविद्यालय मिळते की नाही, घरातून तीन वर्षांची उसंत मिळते की नाही, हे प्रवेशापूर्वीच ठरवावे लागते. म्हणून आखणी शेवटापासून आरंभाकडे करावी. प्रथम गंतव्य निश्चित करावे, म्हणजे चिकित्सा, शालेय समुपदेशन, कारखाने व कचेऱ्यांतील मनुष्यबळाचे काम, अध्यापन की संशोधन हे ठरवावे. त्याला लागणारे पदव्युत्तर शिक्षण कोणते, त्याची प्रवेश-अट कोणती, हे त्या त्या परिषदेच्या चालू सूचनांवरून तपासावे. आणि मग पदवीचे विषय निवडावेत.

२. तीन वा चार वर्षांची वाटणी

पहिल्या वर्षी सामान्य मानसशास्त्राबरोबर संख्याशास्त्राची तोंडओळख झालीच पाहिजे. कला शाखेचे अनेक विद्यार्थी गणिताच्या भीतीने या विषयाकडे येतात आणि पुढे मध्यमान, प्रमाण-विचलन, सहसंबंध यांच्यापाशी अडतात. दुसऱ्या वर्षी विकासात्मक व सामाजिक मानसशास्त्र, प्रयोग आणि मानसमापन यावे. तिसऱ्या वर्षी अपसामान्य मानसशास्त्र, औद्योगिक मानसशास्त्र व समुपदेशनाची तत्त्वे यांचा अभ्यास करावा. हा क्रम मोडून अपसामान्य मानसशास्त्राचे आकर्षक प्रकरण आधी वाचले, तर प्रत्येक शेजारी रोगी दिसू लागतो. सामान्य काय हे ठाऊक नसताना अपसामान्य ओळखता येत नाही.

चौथे वर्ष सर्वांनी करावेच असे नाही. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. तीत १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प असतो व एकूण श्रेयांक १६० होतात. ज्याला संशोधनाकडे वा अध्यापनाकडे जावयाचे आहे त्याने हे वर्ष हिशेबात धरावे. ज्याला घरासाठी लवकर मिळवते व्हावयाचे आहे त्याने तीन वर्षांनी थांबण्यात कमीपणा मानू नये.

आराखड्यातील तीन जागा मात्र बहुधा वाया जातात. दुय्यम विषयाला २४ श्रेयांक असतात, भाषा व संवाद-क्षमतेच्या अभ्यासक्रमांना ८, आणि उन्हाळी प्रत्यक्षानुभवाला २ ते ४. या तीन जागा वेळापत्रकाला सोयीच्या वा गुण सहज देणाऱ्या विषयांनी भरल्या जातात. त्याऐवजी त्या मुख्य विषयाला पूरक होतील अशा रीतीने वापरल्या, म्हणजे दुय्यम विषय समाजशास्त्र, संख्याशास्त्र वा भाषाविज्ञान घेतला, भाषेच्या श्रेयांकांत मराठी घेतली, आणि प्रत्यक्षानुभव मराठी बोलणाऱ्या वस्तीत घेतला, तर पदवीचे रूप पालटू शकते. असे का, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

३. विषयाचा प्रवास

प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ १८७९ साली लाइपझिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेने झाला असे मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली स्वतंत्र विभाग निघाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० चा आणि मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ चा. या सर्व प्रवासात ज्ञानाची भाषा प्रामुख्याने इंग्रजी राहिली. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पुढे शास्त्रवार परिभाषाकोश काढले. मराठी विश्वकोशातही मानसशास्त्रावरील नोंदी आहेत. म्हणजे मराठीत संज्ञा नाहीत ही तक्रार पुरती खरी नाही. उणीव आहे ती संज्ञा आणि बोलणे यांना जोडणाऱ्या अभ्यासाची.

ही जोडणी पूर्वी झालीच नाही असे नव्हे. वि. वि. कामत यांनी बिने-सिमाँ बुद्धिमापनाचे मराठी व कानडी मुलांसाठी केलेले रूपांतर १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अशा कामात केवळ भाषांतर उपयोगी पडत नाही. टर्मन यांनी १९१६ साली केलेल्या अमेरिकन आवृत्तीत यमके जुळविण्याचा एक प्रश्न होता. यमकाचे भाषांतर होत नाही; मराठीत नवी यमके शोधावी लागतात, आणि ती कोणत्या वयाच्या मुलाला जमतात हे मुलांवरच पडताळावे लागते. चाचणी एका भाषेतून दुसरीत नेणे म्हणजे ती काही अंशी नव्याने रचणे होय. हा धडा आजच्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला उपयोगी पडतो.

४. प्रयोगशाळेतील भाषा

स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग पदवीच्या वर्गात नेहमी करून घेतात. रंगाचे नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेले असते. प्रयुक्ताने शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयाचा असतो. शब्द आपोआप वाचला जातो, म्हणून रंग सांगण्यास विलंब लागतो. हा प्रयोग मराठीत करू जाता प्रथमच अडचण येते. 'लाल' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. 'निळा', 'हिरवा', 'पिवळा' ही बदलतात. कागदावर रंगीत ठिपका असेल तर प्रयुक्त 'निळा' म्हणेल, पट्टी असेल तर 'निळी' म्हणण्याचा संभव आहे. छापलेला शब्द 'निळा' आणि उच्चारलेला 'निळी' असेल तर दोन्ही अटी सारख्या राहिल्या काय? शिवाय 'लाल' दोन अक्षरांचा व 'हिरवा' तीन अक्षरांचा. वाचनाच्या वेळेत त्यामुळेही फरक पडू शकतो. जो विद्यार्थी इंग्रजी तक्त्याचे नुसते भाषांतर करतो त्याला हे प्रश्न दिसत नाहीत, आणि आलेला विलंब नेमका कशाचा हे त्याला सांगता येत नाही.

एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणविषयक प्रयोगांत निरर्थक अवयव वापरले होते. दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर अशी त्यांची रचना. देवनागरीत असा अवयव दोन अक्षरांत लिहिला जातो, कारण शेवटच्या अक्षरातील 'अ' मराठीत उच्चारला जात नाही. परंतु 'बस', 'मत', 'फट' असे कितीतरी अवयव सार्थ निघतात. आणि 'णिफ' हा निरर्थक असला तरी चालत नाही, कारण मराठी शब्दाच्या आरंभी 'ण' येत नाही व त्यामुळे उच्चारालाच अडखळ होते. 'मुप' चालेल. अशी यादी स्वतः तयार करणे हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज झेपणारे व प्रयोगाची शिस्त शिकविणारे काम आहे.

५. प्रश्नावली आणि व्यथेचे व्याकरण

मापनाच्या भागात भाषेचे महत्त्व अधिकच वाढते. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना दुसऱ्या अनुवादकाकडून तिचा उलट अनुवाद करून मूळाशी ताडून पाहावा, ही पद्धत ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली व ती सर्वत्र रूढ झाली. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. उलट अनुवादात शब्द जुळतात आणि तरीही प्रश्न बिघडलेला असू शकतो.

पुढील विधान पाहावे : 'मला रात्री झोप लागत नाही.' उत्तरासाठी पर्याय आहेत 'नेहमी', 'कधीकधी', 'कधीच नाही'. मराठीत 'कधीच' हे पद या अर्थाने नकाराशिवाय येत नाही. त्यामुळे 'कधीच नाही' या उत्तराचे दोन अर्थ होतात : झोप कधीच लागत नाही, किंवा झोप न लागण्याची तक्रार कधीच नसते. एक उत्तर तीव्र व्यथेचे, दुसरे उत्तम प्रकृतीचे. आणि दोघांना गुण मात्र एकच पडतात. विधान होकारार्थी केले की ही संदिग्धता जाते.

याहून सूक्ष्म भेद क्रियापदांत आहे. मराठीत भावना पुष्कळदा माणसाच्या ठिकाणी घडते. माणूस ती करीत नाही. 'मला भीती वाटते', 'मला उदास वाटते', 'माझे मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो' या रचनांत बोलणारा भोक्ता आहे, कर्ता नाही. याउलट 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली', 'तो मनाला लावून घेतो' या रचनांत माणूस कर्ता होतो, आणि कर्तृत्वाबरोबर थोडासा दोषही त्याच्याकडे जातो. म्हणून 'तुमच्या मनाला गोष्टी लागतात का?' आणि 'तुम्ही गोष्टी मनाला लावून घेता का?' हे दोन प्रश्न समान नव्हेत. पहिल्याला 'हो' म्हणणारा माणूस दुसऱ्याला 'छे' म्हणण्याचा संभव आहे, कारण दुसऱ्यात दुर्बळपणाचा आरोप आहे. इंग्रजी मूळ एकच असू शकते. अनुवादक यांपैकी कोणते रूप निवडतो यावर मिळणारे उत्तर अवलंबून राहते.

संज्ञांच्या बाबतीतही तसेच. 'नैराश्य' हा शब्द शास्त्रात एका विकाराचे नाव आहे, पण 'निराशा' ही परीक्षेत गुण कमी पडल्याचीही असते. 'चिंता' घरोघरी असते, म्हणून पाठ्यपुस्तकांना 'दुश्चिंता' असा वेगळा शब्द योजावा लागला; तो कोणी बोलत नाही. लालबागच्या चाळीत मनुष्य 'टेन्शन आले' म्हणेल, किंवा छातीत धडधडते, डोके जड होते, अन्न गोड लागत नाही, असे शरीराच्या भाषेत सांगेल. 'धसका' या शब्दाला तर कारण लागतेच : धसका कशाचा तरी असतो. इंग्रजी संज्ञेत कारण गृहीत नाही. हा फरक न जाणणारा पदवीधर रुग्णाचे शब्द घाईने संज्ञेत बसवितो, आणि रुग्णाने सांगितलेले कारण वाटेत गळून पडते.

म्हणून पहिल्या सत्रापासून विद्यार्थ्याने एक शब्द-वही ठेवावी. तीत चार रकाने असावेत : इंग्रजी संज्ञा, परिभाषाकोशातील मराठी संज्ञा, लोकांच्या बोलण्यातील शब्द, आणि या तिघांत अर्थाचा कोठे फरक पडतो त्याची नोंद. इंग्रजी रकाना वगळावा असे येथे सुचवावयाचे नाही. पुढील प्रवेशपरीक्षा व संशोधनपत्रिका यांसाठी तो लागतोच. चौथा रकाना मात्र कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाही. तो विद्यार्थ्यानेच भरावयाचा असतो.

६. परिसर हेच क्षेत्र

लालबाग-परळला या अभ्यासासाठी दूर जावे लागत नाही. १९२६ पासूनचे के.ई.एम. रुग्णालय व १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय परळलाच आहेत. के.ई.एम.मध्ये डॉ. वाहिया यांनी पतंजलीच्या योगविचाराच्या आधारे मनोविकारांवर उपचारपद्धती बसविली व तिच्यावरील निबंध विदेशी मनोविकारपत्रिकांतून प्रसिद्ध झाले. येथील कल्पना शास्त्राच्या कसोटीला लावता येते याचे हे जवळचे उदाहरण होय.

औद्योगिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील १९२४ ते १९३२ चे प्रयोग असतात. त्यांच्या जोडीला अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील काम वाचावे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे राइस यांनी तेथे स्वयंचलित मागांच्या खात्यात तुटक वाटलेली कामे एकत्र करून मागांचा एकेक संच कामगारांच्या लहान गटाकडे सोपविला. उत्पादन व कापडाची प्रत दोन्ही सुधारली. साचेखाते, पाळी, जॉबर हे शब्द ज्याने आजोबांच्या तोंडून ऐकले आहेत त्याला या प्रयोगाचा अर्थ लवकर उमगतो. त्याच घरांनी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संपही पाहिला. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. काम गेल्याने माणसाची दिनचर्या, घरातील मान आणि स्वतःविषयीची कल्पना यांचे काय होते, हा प्रश्न येथे पुस्तकी नाही.

गणेशोत्सवातील गर्दीचेही तसेच. ल बाँ यांनी १८९५ साली गर्दीत माणूस विवेक गमावतो असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने हे मत बरेच बदलले आहे. प्रयागच्या माघ मेळ्यातील कल्पवासींवर भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेळ्यात राहिलेल्यांना, न गेलेल्यांच्या तुलनेत, पुढेही अधिक बरे वाटत असल्याचे त्यात आढळले. १९३४ पासून चालत आलेल्या लालबागच्या सार्वजनिक गणपतीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्यांविषयी असाच प्रश्न चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात विचारता येईल.

परंतु जवळीक ही सोय आहे तशीच जोखीमही आहे. चाळीत भिंतींना कान असतात. सामाईक गॅलरीत विचारलेला प्रश्न व दिलेले उत्तर संध्याकाळपर्यंत मजल्यावर पसरते. मानसिक आरोग्याच्या माहितीची गुप्तता हा २०१७ च्या अधिनियमाने रुग्णाला दिलेला हक्क आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने तो आपल्या लहानशा कामातही पाळावा. मुलाखत घराबाहेर, निवांत जागी घ्यावी. स्वतःच्या मजल्यावरील कुटुंबांची व्यथा प्रकल्पाचा विषय करू नये. निवृत्त कामगाराला 'काका', 'मावशी' म्हणून बोलते केले, तरी हे बोलणे कशासाठी आहे ते आधी सांगून संमती घ्यावी. नात्याच्या हाकेने मिळालेला विश्वास नकळत माहिती काढून घेण्यासाठी वापरणे हा विश्वासघातच होय. सल्ला मागितला गेला तर तो न देता रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट दाखवावी. पदवीधराचे अधिकारक्षेत्र कोठे संपते, हे पहिल्या भागात पाहिलेच आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे : पदवी व्यवसायाचा परवाना देत नाही, म्हणून तिची आखणी पुढील शिक्षणाच्या अटी पाहून करावी. मुख्य विषयाला पदवीचा निम्माच भाग मिळतो, म्हणून उरलेला निम्मा भाग निरुद्देश दवडू नये. आणि त्या उरलेल्या भागात संख्याशास्त्राइतकेच स्थान विद्यार्थ्याच्या परिसरातील भाषेला द्यावे.

या तिसऱ्या मुद्द्याला विभागांनीही हातभार लावला पाहिजे. प्रात्यक्षिकाच्या वहीत मराठी सामग्री कशी रचली याला गुण ठेवणे, प्रश्नावलीच्या रूपांतराचे एक छोटे काम दुसऱ्या वर्षी सक्तीचे करणे, मानसशास्त्र व मराठी या विभागांनी त्यासाठी एकत्र बसणे, यांपैकी कशालाही नवा निधी लागत नाही. हे केले नाही तर शास्त्र इंग्रजीत शिकून मराठी माणसासमोर बसणारा पदवीधर त्याचे बोलणे ऐकताना मनातल्या मनात त्याचे भाषांतर करीत राहील. अशा भाषांतरात पुष्कळदा नेमके तेच गळते, जे सांगण्यासाठी तो माणूस आलेला असतो.